जुनी गाडी थेट मालकाकडून घेताना चेक कोणाकडून करायची: ओळखीचा मेकॅनिक की कंपनीचं सर्व्हिस सेंटर?

मला विचाराल तर आधी मेकॅनिक. तो गाडी उभी असेल तिथे येतो, आणि मालकाला आधीच सांगून ठेवायचं की गाडी सकाळपासून चालू करू नका, कारण इंजिन गार असताना स्टार्ट केल्यावरच खरा आवाज कळतो, सायलेन्सरमधून निळसर धूर आला की समजायचं इंजिन ऑइल जाळतंय. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडालाय का, दाराच्या रबराखालचं वेल्डिंग कंपनीचंच आहे का, यावरून गाडी आधी ठोकलेली आहे का हे चांगल्या मेकॅनिकला लगेच दिसतं. मुंबई-ठाण्याकडची गाडी असेल तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघाच, पुरात बुडालेल्या गाडीत आतल्या पट्ट्यावर चिखलाचे डाग राहतात, बाहेरून कितीही पॉलिश मारा.

सर्व्हिस सेंटरला खर्च जास्त, अपॉइंटमेंट घ्या, मालकाला गाडी तिथे न्यायला तयार करा. पण लिफ्टवर चढवून खालून नीट बघता येतं आणि मुख्य म्हणजे जुना सर्व्हिस रेकॉर्ड निघतो, मागच्या सर्व्हिसला ७०,००० किमी आणि आज मीटरवर ५२,००० दिसत असेल तर विषयच संपला ना! अर्थात गाडी बाहेरच सर्व्हिस केलेली असेल तर हा फायदा जवळपास जातोच.

पाच-सहा वर्षांच्या आतली गाडी असेल तर मेकॅनिकने पास केल्यावर सेंटरलाही न्या, दहा वर्षांच्या पुढची असेल तर मेकॅनिक पुरे. मालक दोन्हीला नाही म्हणत असेल तर टोकन देऊच नका प्लीज.

आणि आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते दोघंही बघणार नाहीत, ते परिवहनच्या साइटवर तुम्हीच बघा.