गॅसची गळती, चिलरला दारं की छतावर सोलर: सुपरमार्केटने आधी पैसे कुठे घालावेत?

पाच-दहा हजार चौरस फुटांचं किराणा सुपरमार्केट पर्यावरणपूरक करायचं ठरलं, की पहिलं कोटेशन बहुधा सोलरवाल्याचं येतं आणि दुसरं कागदी पिशव्यांचं. दूध-दह्याच्या उघड्या चिलरकडे कुणाचं लक्ष जात नाही. खरं तर सर्वात जास्त नुकसान तिथेच होत असतं, पर्यावरणाचं आणि वीजबिलाचंही. म्हणून इथली तुलना मुख्यतः तीन कामांची आहे: गळती थांबवणं, चिलरला दारं लावणं आणि सोलर. पिशव्यांचा विचार शेवटी, थोडक्यात.

गॅस

कॉम्प्रेसर युनिटच्या नेमप्लेटवर गॅसचं नाव असतं. तिथे आर-४०४ए लिहिलं असेल तर त्याचा एक किलो हवेत जाणं म्हणजे ३,९२२ किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं आहे. आता सर्व्हिसची बिलं काढा आणि वर्षभरात किती किलो गॅस भरला ते बघा. चिलरमधला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे गळला. समजा २० किलो भरला, तर हिशेब ७८ टनांवर जातो. याच्या शेजारी ५० किलोवॅटचं सोलर ठेवून बघा. किलोवॅटमागे रोज सरासरी ४ युनिट धरले तर वर्षाला ७३,००० युनिट होतात, आणि ग्रिडच्या युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरलं तर सुमारे ५१ टन वाचतात. म्हणजे छत भरून पॅनेल लावले तरी खालची गळती त्याच्या दीडपट निघते.

गळतीच्या जागा ठरलेल्या असतात: फ्लेअर नट, सर्व्हिस व्हॉल्व्हची हरवलेली टोपी, कॉम्प्रेसरच्या कंपनाने तडकलेलं ब्रेझिंग (नळ्यांचा डाग दिलेला जोड). किनारपट्टीवर खाऱ्या हवेने कुजलेली कॉन्डेन्सर कॉइलही त्यात येते. मेकॅनिकला ‘गॅस भर’ एवढंच सांगितलं तर तो भरून जाईल आणि चार महिन्यांनी पुन्हा यावं लागेल. उरलेला गॅस हवेत न सोडता रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, सिस्टिममध्ये कोरडा नायट्रोजन भरून दाब २४ तास टिकतो का बघायचं, साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासायचा, मग व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत नेऊन गॅस वजनावर भरायचा. असं काम लेखी ठरवून घ्या. दाबाच्या चाचणीला ऑक्सिजन कधीही वापरू देऊ नका. कॉम्प्रेसरच्या तेलाच्या संपर्कात तो आला की स्फोट होऊ शकतो.

गॅसच बदलायचा असेल तर आर-४४८ए हा जुन्या ४०४ए यंत्रणेत चालतो आणि त्याचा किलोमागचा आकडा १,४०० च्या आसपास, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. पण नुसता गॅस बदलून भागत नाही. फिल्टर ड्रायर आणि रबर सील बदलावे लागतात आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हची (कॉइलमध्ये किती गॅस सोडायचा ते ठरवणाऱ्या झडपेची) सेटिंग नव्याने करावी लागते. हा गॅस मिश्र असल्याने द्रवरूपातच भरावा लागतो. वाफेच्या रूपात भरला तर मिश्रणाचं प्रमाण बिघडतं. शिवाय यात कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारा गॅस ४०४एपेक्षा जास्त तापतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात डीप फ्रीजरचा कॉम्प्रेसर यानेच जळू शकतो. त्यामुळे तिथे कॉम्प्रेसरच्या कूलिंगची सोय आहे का, हे कंपनीकडून आधी विचारून घ्या.

नवीन चिलर घ्यायचे असतील तर आर-२९०, म्हणजे प्रोपेन वापरणारे प्लग-इन चिलर (कॉम्प्रेसर आतच असलेले, नुसता प्लग लावून चालणारे) बघा. याचा तापमानवाढीचा आकडा अगदी नगण्य, कारखान्यातच सीलबंद असल्याने गळतीही क्वचित. अडचण अशी, की प्लग-इन चिलर आपली उष्णता दुकानातच सोडतो. एक-दोन असले तर कळत नाही, दहा लावले की एसीचं बिल चढतं. आणि जुन्या ४०४एच्या चिलरमध्ये प्रोपेन भरून देतो असं कोणी म्हणालं तर त्याला परत पाठवा. हा गॅस ज्वलनशील आहे, आणि त्या चिलरचे स्विच, रिले, पंखे ठिणगीपासून सुरक्षित बनवलेले नसतात. नवीन चिलर मात्र ४०४एवर घेऊच नये. एचएफसी गॅस (४०४ए याच गटातला) कमी करण्याचा किगाली करार भारताने २०२१ मध्ये मान्य केला आहे. त्यानुसार २०२८ मध्ये वापर गोठवायचा आणि २०३२ पासून घटवायचा आहे. आज घेतलेल्या यंत्राचं आयुष्य नेमकं त्या काळात जाईल.

दारं

उघड्या उभ्या चिलरवर पडणाऱ्या थंड करण्याच्या भारातला सुमारे ७० टक्के वाटा समोरून शिरणाऱ्या गरम, दमट हवेचा असतो. काचेची दारं लावली की तोच भार तुटतो, आणि विजेची बचत साधारण एक तृतीयांश धरायला हरकत नाही. चिलरना वेगळा सबमीटर लावून पंधरा दिवसांचे आकडे घ्या, मगच कोटेशन मागवा. रोज १५० युनिट जात असतील तर सुमारे ५० वाचतील, वर्षाला १८,०००.

फसतं ते दारं लावून झाल्यावर. भार कमी झाला तरी कॉम्प्रेसर जुन्याच सेटिंगवर चालतो. मग तो सारखा चालू-बंद होतो आणि मागच्या रांगेतली भाजी गोठते. त्यासाठी सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब) थोडं वाढवून घ्यायचं आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हची सेटिंग नव्याने करून घ्यायची. दमट हवा आत जात नसल्याने बर्फही कमी धरतो, म्हणून डिफ्रॉस्टच्या (बर्फ वितळवण्याच्या) वेळाही कमी करायच्या. हे काम कोटेशनमध्ये नसेल तर अपेक्षित बचतीतला बराच भाग हाती लागत नाही.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात काचेवर दव धरतं. डबल ग्लेझिंग आणि आतून अँटी-फॉग फिल्म एवढ्यावर बहुतेक ठिकाणी भागतं. काच तापवणारा हीटर घेतलाच तर तो हवेतल्या दमटपणानुसार चालणारा घ्या, नाहीतर तो वाचलेली वीज खात बसतो. दार आपोआप मिटणारं हवं. गॅस्केटमध्ये (दाराच्या कडेच्या रबरात) कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज सरकली तर गॅस्केट गेलं. गल्ली चार फुटांपेक्षा अरुंद असेल तर सरकती दारं बरी. दारं लावल्यावर चिलरसमोरची गल्ली थोडी गरम वाटते, कारण आधी तोच चिलर दुकानही थंड करत होता. एसीवाल्याला याची कल्पना आधीच द्या.

दारांमुळे विक्री घटेल, ही भीती मालकांना वाटतेच. फ्रान्समधल्या मोठ्या साखळ्यांनी चिलरला दारं लावण्याचा करार २०१२ मध्येच सरकारशी केला होता. भीती असेलच तर आधी दुधाच्या चिलरला दारं लावा. दूध घ्यायला आलेला ग्राहक दार उघडतोच.

सोलर

सोलर चांगलंच आहे, पण स्वतःचं छत असेल तर. एक किलोवॅटला ८० ते १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, म्हणजे ५० किलोवॅटला चार-पाच हजार चौरस फूट. दुकान सोसायटीच्या तळमजल्यावर असेल तर छत सोसायटीचं. सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय पुढे जाऊ नका. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, दुकानाला ते मिळत नाही. ते मिळेल असं सांगून कोणी दर लावत असेल तर सावध राहा.

दुसरी गोष्ट दराची. १ एप्रिल २०२४ पासून १० किलोवॅटवरच्या व्यावसायिक ग्राहकांसाठी वेळेनुसार दर आले. केंद्राच्या नियमाप्रमाणे दिवसा, सौर तासांत, दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि पीक तासांत किमान १.२ पट. सोलर वाचवतं ते दिवसाचं स्वस्त युनिट. दारं संध्याकाळचं महाग युनिटही वाचवतात आणि रात्रीचंही. म्हणून परतफेडीचा हिशेब सरासरी दराने केलेला असेल तर तो परत करून मागा, सौर तासांच्या दराने.

आणखी एक: दारांच्या आधी सोलर बसवलं तर ते वाया जाणाऱ्या विजेच्या मापाने मोठं घेतलं जातं.

पिशव्या

महाराष्ट्रात प्लास्टिक कॅरीबॅगवर २०१८ पासून बंदी आहे. पहिला दंड ५,०००, दुसरा १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद. त्यामुळे हा नियम पाळण्याचा विषय आहे, निवडीचा नाही. निवड करायची ती पर्यायांत. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अभ्यासात, एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी हवामानाच्या दृष्टीने बरोबरी व्हायला कागदी पिशवी ३ वेळा आणि सुती १३१ वेळा वापरावी लागत होती. म्हणून सुती पिशव्या फुकट वाटू नका. घरून पिशवी आणणाऱ्याला सूट द्या, मालाचे रिकामे खोके काउंटरजवळ ठेवा. पिशवीचे पैसे घेत असाल तर तसा फलक प्रवेशद्वारावर लावा. बिलाच्या वेळी अचानक पैसे मागणं आणि वर त्या पिशवीवर दुकानाचं नाव, यावरून ग्राहक आयोगांनी दुकानांना दंड केले आहेत.

तुमच्यासाठी कोणतं?

सर्व्हिस बिलांत गॅसचे किलो दिसत असतील तर आधी गळती, बाकी सगळं नंतर. चिलर सात-आठ वर्षांच्या आतले असतील तर दारं लावा. त्याहून जुने, गंजलेले असतील तर दारांवर खर्च न करता दार असलेले नवे चिलर घ्या. भाडेकरार तीन वर्षांहून कमी उरला असेल तर आर-२९० प्लग-इन योग्य, कारण दुकान बदललं तरी ते सोबत नेता येतात. जागा आणि छत दोन्ही स्वतःचं असेल तर दारं लागल्यावर तीन महिन्यांची बिलं बघा आणि त्या आकड्यावर सोलरची क्षमता ठरवा. मंजूर भाराच्या (वीज कंपनीने मंजूर केलेल्या किलोवॅटच्या) वर नेट मीटरिंग, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होण्याची सोय, मिळत नाही, हेही तेव्हा तपासून घ्या.