तंबू राधानगरीचा, फोटो पवनेचा

मे महिना लागला की मोबाईलवर काजव्यांचं पीक येतं. राधानगरी, दाजीपूर, आंबा घाट, गगनबावडा. झाडभर हिरवट-पिवळी लुकलुक, शेजारी पांढरा गोल तंबू, आत पिवळा दिवा आणि खाली ‘शेवटचे दोन तंबू शिल्लक’. इन्स्टाग्रामवरची यातली बरीच पानं खरी असतात. तिथलीच पोरं चालवतात, सोयही चांगली करतात. त्यांच्या पोटावर पाय द्यायला हे लिहीत नाही. पण गेल्या जूनमध्ये आम्हाला ज्यानं गंडवलं, त्यानं ते इतक्या पद्धतशीर केलं की ती पद्धत चारचौघांत सांगणं भाग आहे. यंदाही तो कुणाला तरी गाठणारच.

आक्का आणि दाजी पोरांना घेऊन ठाण्याहून आमच्याकडं कोल्हापूरला आले होते. शाळा उघडायला आठवडाभर होता आणि पोरांनी तंबूचा धोशा लावलेला. आक्कानंच ते पान शोधलं. राधानगरी धरणाच्या जलाशयाला लागून तंबू, गादी-पंखा आत, संध्याकाळी बार्बेक्यू, रात्री तांबडा-पांढरा रस्सा, सकाळी पोहे-चहा. माणशी १,४०० रुपये. आम्ही सहाजण, म्हणजे ८,४००. दर फार स्वस्तही नव्हता, हे लक्षात घ्या. ५०० रुपये सांगितले असते तर कुणालाही वास आला असता. बाजारभावाच्या जवळ जाणारा दर लावणारा लबाड जास्त हुशार असतो.

बोलणं सगळं व्हॉट्सअॅपवर. फोन केला की कट करायचा आणि लगेच मेसेज, ‘सर, साइटवर रेंज नाही, मेसेज करा.’ रेंज नसलेल्या जागेवरून मेसेज मात्र सेकंदात यायचे. जेवणाचं विचारताना आक्कानं लिहिलं की सासूबाई शाकाहारी आहेत. उत्तर आलं, ‘नो प्रॉब्लेम मॅडम, व्हेजवाल्यांना पांढरा रस्सा देतो.’ आम्ही सगळे खदाखदा हसलो. मटणाच्या आळणी पाण्यात नारळाचं दूध घालून होतो तो पांढरा रस्सा शाकाहारी सासूबाईंना! दाजी म्हणाले, बुकिंगला पुण्यामुंबईचं पोरगं बसवलं असेल, त्याला काय कळतंय. तसं असूही शकलं असतं. पण राधानगरीत जेवण घालणारा माणूस असं चुकून लिहील, हे कोल्हापूरच्या माणसाला पटायला जड आहे. तुम्हाला असलं काही दिसलं तर हसा जरूर, पण हसून झाल्यावर दोन प्रश्न जास्त विचारा.

पैशाची पहिली मागणी सरळ होती, निम्मी रक्कम आगाऊ. दाजींनी ४,२०० पाठवले. यूपीआयवर नाव आलं ते कुठल्याशा बाईंचं, आपल्याकडचं वाटणारंही नव्हतं. ‘आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत.’ सोबत जीएसटीचं प्रमाणपत्र आलं. नंबर २७ नं सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्रातला, आणि तो खराही होता. फक्त तो होता लोखंडाचा व्यापार करणाऱ्या भलत्याच माणसाचा. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की धंद्याचं नाव फुकट दिसतं. प्रमाणपत्राचा फोटो बघून समाधान मानण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी ३,००० ची अनामत, तंबूचं नुकसान होऊ नये म्हणून, निघताना परत. त्यावर शिक्का मारलेली पावती. हेही दाजींनी भरलं. एकूण ७,२००.

खरा डाव इथून पुढं आहे.

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. साने गुरुजी वसाहत सोडली, हळदी गेलं, परित्याला चहाला थांबलो. भजी यायची होती तेवढ्यात मेसेज. ‘सर, तुमचं चेक-इन जनरेट होत नाही. तुम्ही पैसे दोनदा पाठवले, सिस्टीम एकत्र घेत नाही. ७,२०० एकरकमी पाठवा, आधीचे ७,२०० पाच मिनिटांत आपोआप रिव्हर्स होतील. सहाच्या आत करा, नाहीतर तंबू वेटिंगवाल्याला जाईल.’

घरी निवांत बसलेलं असताना हा मेसेज आला असता तर तो कुणीही उडवून लावला असता. त्यालाही ते ठाऊक आहे, म्हणूनच तुम्ही घरी असताना तो मेसेज येत नाही. तो येतो तेव्हा तुम्ही निम्म्या वाटेवर असता. गाडीत पोरं उड्या मारत असतात, आभाळ भरून आलेलं असतं, ७,२०० आधीच अडकलेले असतात आणि मागं फिरणं हे पैसे भरण्यापेक्षा महाग वाटायला लागतं. निघायची वेळ, गाडीचा नंबर, ‘कुठवर आलात सर’ हे सगळं तो सकाळपासून आपुलकीनं विचारत होता ते याचसाठी. ही चौकशी म्हणजे पाहुणचार नव्हे, आपण किती खोल पाण्यात आलोय याचा तो अंदाज घेत असतो. दाजींच्या फोनची बॅटरी संपत आली होती, म्हणून हे ७,२०० माझ्या खात्यातून गेले.

पाच मिनिटांनी रिफंड म्हणून एक क्यूआर कोड आला. स्कॅन केल्यावर रक्कम दिसली १४,४००, आणि खाली पिनचे ठोकळे. माझी भाची बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती शेजारून म्हणाली, ‘मामा, पैसे यायला पिन कशाला लागतोय?’

एवढं एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ करून ठेवायला लावा. यूपीआयचा पिन पैसे जाताना किंवा शिल्लक बघताना लागतो. येताना पिन लागत नाही आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. समोरचा कितीही गोड बोलत असला तरी यात अपवाद नाही.

तिथून, टपरीच्या बाकावरूनच, १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीसाठीचा हा राष्ट्रीय क्रमांक. त्यांना लागतं ते एवढंच: तुमची बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक. तो अॅपमध्ये व्यवहार उघडला की दिसतो. तक्रार नोंदली की ती समोरच्याच्या बँकेपर्यंत जाते, आणि पैसे त्या खात्यात अजून पडून असतील तर ते तिथंच गोठवले जातात. म्हणून इथं मिनिटांना किंमत आहे. असली खाती भाड्याची असतात, पैसे आले की लगेच पुढच्या खात्यात ढकलले जातात. आमच्या बाबतीत दाजींचे पैसे केव्हाच पसार झाले होते. माझ्या ७,२०० पैकी काही रक्कम अडली. ती सोडवण्याची प्रक्रिया वेगळी, तिला वेळ लागतो, आणि ती अजून चालू आहे. पैसे दोघांच्या खात्यांतून गेल्यामुळं तपशील दोन्ही बँकांचे द्यावे लागले, आणि बँकेत लेखी अर्जही दोघांनी वेगवेगळे दिले. चार जणांनी वर्गणी काढून पैसे भरणार असाल तर हेही ध्यानात असू द्या.

‘तीन दिवसांत कळवलं की बँक पैसे देते’ असं छातीठोक सांगणारे खूप भेटले. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे ते, पण ते तुमच्या नकळत, तुमचा हात नसताना झालेल्या व्यवहाराबद्दल आहे. स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे त्यात धरत नाहीत. शाखेत हुज्जत घालून आम्ही अर्धा दिवस घालवला, तुमचा वाचावा.

एवढं झाल्यावरही आम्ही राधानगरीला गेलो. जवळ आलोच होतो, आणि त्यानं पाठवलेल्या लोकेशनवर नेमकं काय आहे ते बघायचं होतं. डांबरी सोडून कच्च्या वाटेनं गेलो तर पाण्याच्या अलीकडं एक नाचणीचं रान, बांधावर म्हातारे काका बैलाला वैरण टाकत होते. आमची गाडी बघूनच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ‘तंबू व्हय? हितं न्हाई कसला तंबू. परवा बी सांगलीची माणसं आल्ती, माझ्यावरच वराडून गेली. ह्यो माझा तुकडा हाय. रातचं गवं येत्यात हितं, तंबू कोण घालतंय?’ आमच्यापेक्षा त्या काकांची मला जास्त दया आली. आमचे पैसे गेले, त्यांना मात्र प्रत्येक शनिवारी अनोळखी माणसांच्या शिव्या. गुगल मॅप्सवर त्या जागेची तक्रार भाचीनं तिथंच उभं राहून करून टाकली.

गव्यांचं काका बोलले ते खोटं नाही. दाजीपूरचं जंगल १९५८ पासून गव्यांसाठीच राखलेलं आहे, आणि राधानगरी, काळम्मावाडी या दोन्ही जलाशयांभोवतीचं बरंच रान आज अभयारण्यात येतं. तिथं पाण्याला टेकून कुणी मनाला येईल तसा तंबू ठोकू शकत नाही. म्हणजे ‘अभयारण्याच्या आत, अगदी पाण्यावर, रात्री डीजे आणि शेकोटी’ ही जाहिरातच आपल्या तोंडानं सांगत होती की असली जागा नाही. काजव्यांना अंधार लागतो, लेझर नाही. आणि ‘जुलै-ऑगस्टचं काजवा बुकिंग सुरू’ असंही तिथं लिहिलं होतं. काजवे मेच्या शेवटापासून जोराचा पाऊस लागेपर्यंतचे सोबती. आषाढाच्या धारेत राधानगरीत काजवे दाखवणारा माणूस मला भेटायचाय.

फोटोची गंमत परत आल्यावर कळली. पेठेतला एक मित्र, सह्याद्रीत बारमाही भटकणारा, त्याला ते पान दाखवलं. त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला, तंबूमागच्या त्या सुळक्यासारख्या निमुळत्या डोंगरावर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘ह्यो तुंग किल्ला हाय भावा. पवना धरण हाय हे, मावळातलं.’ पाणी, तंबू, दिवे सगळं पुण्याच्या पलीकडचं, आणि खाली नाव राधानगरीचं. आमच्या इकडचे डोंगर सपाट माथ्याचे, झाडीत बुडालेले. फोटो गुगल लेन्समध्ये टाकला असता तरी हेच दिसलं असतं. इन्स्टाग्रामवर ‘या खात्याविषयी’ उघडलं तर ते पान जेमतेम दोन महिन्यांपूर्वीचं आणि आधी दुसऱ्याच नावानं चालवलेलं. ती माहिती पानाच्या नावावर टिचकी मारली की येते, कुणी मारत नाही एवढंच.

‘शिकलेली माणसं कशी फसतात’ हा प्रश्न आम्हाला इतक्या जणांनी विचारला की आता त्याचा राग येतो. या प्रश्नापायी बरीच माणसं तक्रारच करत नाहीत, आणि तेच या लोकांचं भांडवल आहे.

बुकिंग करायचंच असेल तर व्हिडिओ कॉल मागा आणि म्हणा, ‘आत्ता कॅमेरा फिरवा, पाणी दाखवा, स्वयंपाकघर दाखवा.’ खरा माणूस कौतुकानं कुत्र्यापासून चुलीपर्यंत सगळं दाखवतो. दुसरं, कोल्हापुरात कुणाचा ना कुणाचा पाहुणा राधानगरीला, आजऱ्याला, शाहूवाडीला असतोच. एक फोन करून विचारा, अशी जागा आहे का. साहसी पर्यटन चालवणाऱ्यांसाठी राज्याचं २०२१ चं धोरण आहे आणि त्यात पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करावी लागते. नोंदणी आहे का, असं नुसतं विचारलं तरी समोरच्याचा सूर बदलतो का ते ऐका.

आता कॅम्पर व्हॅनचंही फॅड आलंय. ऑफिसातल्या एकानं पुण्याहून अशी गाडी ठरवली होती, आत बेड, शेगडी, छतावर तंबू. गाडी आली ती पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी. खासगी गाडी भाड्यानं देता येत नाही. स्वतः चालवायला भाड्यानं घ्यायच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीच्या गाडीला घाटात काही झालं तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. त्यानं वाहनाचा नंबर सरकारच्या एमपरिवहन अॅपवर टाकून बघितला, साधी खासगी गाडी निघाली, आतला बदल नोंदलेलाच नाही. त्यानं गाडी घेतली नाही, अनामतीसाठी मात्र अजून भांडतोय.

आमच्या गोष्टीला एक शेपूट आहे. त्या पानाखाली दाजींनी ‘फसवणूक, सावध राहा’ असं लिहून ठेवलं होतं. काही आठवड्यांनी त्यांना फोन आला. ‘सायबर सेलमधून बोलतोय. तुमचे पैसे रिकव्हर झालेत, फाईल चार्ज १,५०० भरा, लगेच सोडतो.’ दाजींनी विचारलं, कुठल्या ठाण्यातून? ‘कोल्हापूर मेन पोलीस स्टेशन.’ शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी, जुना राजवाडा अशी ठाणी असलेल्या शहरात हे ‘मेन’ कुठलं, असं दाजींनी पुन्हा विचारल्यावर तिकडून पानं उलटल्याचा आवाज आला आणि उत्तर आलं, ‘सर, रंकाळा मेन.’ दाजींनी तो नंबर केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर, फसव्या फोनची तक्रार घेणाऱ्या ‘चक्षू’ सोयीत नोंदवला आणि जुन्या तक्रारीलाही जोडून दिला.