फुलांच्या वासाचा ऊलाँग घ्यायचाय: तिएग्वानयिन, हुआंगजिनग्वेइ की दानत्सोंग?

हलका, फुलांचा दरवळ असलेला चिनी ऊलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला चहा, पहिल्यांदा विकत घ्यायचा म्हटलं की साधारण तीन नावं समोर येतात. फुजियान प्रांतातल्या आनशी तालुक्याचा तिएग्वानयिन, त्याच तालुक्याचा हुआंगजिनग्वेइ आणि शेजारच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या फेंगहुआंग डोंगरावरचा दानत्सोंग. तिन्हींच्या पाकिटावर ‘फ्लोरल’ छापलेलं असतं आणि ते खरंही असतं. पण ते फूल प्रत्येकात वेगळ्या जागी भेटतं. हुआंगजिनग्वेइचं नाकात, दानत्सोंगचं जिभेवर आणि तिएग्वानयिनचं घोट गिळून झाल्यावर घशात. यातलं तुम्हाला काय हवंय हे कळलं की निम्मी निवड झालीच. माझा कौल आधीच सांगते: पहिला चहा तिएग्वानयिन घ्या, न भाजलेला, हिरवट, आणि मिळाला तर शरद ऋतूतला.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण दुकानात तिथेच गोंधळ होतो. या तिन्ही चहांत फूल घातलेलं नसतं. जास्मिन टी वेगळा. त्यात मोगऱ्याच्या कुळातल्या ताज्या कळ्या पानांत मिसळून त्यांचा वास पानांत मुरवतात. ऑस्मँथस ऊलाँग नावानं जे मिळतं त्यातही सुकी फुलं सरळ मिसळलेली असतात. आपल्या तीन चहांत वास पानातूनच येतो. तोडलेली पानं आधी कोमेजू देतात, मग बांबूच्या मोठ्या पिंपात घालून फिरवतात, काढून पसरतात, काही तासांनी पुन्हा फिरवतात. हे रात्रभर चालतं. पानांच्या कडा खरचटतात आणि त्या त्रासाला उत्तर म्हणून पान इंडोल, नेरोलिडॉल, जास्मिन लॅक्टोन अशी सुगंधी द्रव्यं तयार करतं. यातलं इंडोल मोगऱ्याच्या वासातही असतं, म्हणून कपाचं झाकण उचलल्यावर ओळखीचं काहीतरी जाणवतं. योग्य क्षणी पानं तापवून ही क्रिया थांबवली नाही तर फुलांचा वास जाऊन नुसता काळा चहा उरतो. ऊलाँग करणाऱ्याचं सगळं कसब तो क्षण ओळखण्यात आहे.

तिएग्वानयिन

आनशीचा हा चहा दोन रूपांत मिळतो. एक भाजलेला, तपकिरी, खमंग. त्याला नोंगशियांग म्हणतात. दुसरा हिरवा, जवळजवळ न भाजलेला, तो छिंगशियांग. तैवानी पद्धतीच्या प्रभावातून 1990च्या दशकात हा दुसरा प्रकार आनशीत पसरला आणि आज ‘हलका फुलांचा ऊलाँग’ म्हणून जगभर जो विकला जातो तो बहुतेक हाच. इंग्रजी पाकिटांवर तो ‘टी क्वान यिन’ असाही लिहिलेला असतो. चहा तोच, फक्त स्पेलिंग जुनं.

त्याचं नाव ग्वानयिन देवीवरून आलेलं आहे. ही ग्वानयिन म्हणजे बौद्ध परंपरेतल्या अवलोकितेश्वराचं चिनी रूप, ज्याला आपण अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी म्हणून पाहतो.

पानं घट्ट वळलेल्या गोळ्यांच्या रूपात येतात. वाटीत टाकल्या की खडखड आवाज होतो इतक्या टणक. साधारण 100 मिलिलिटरच्या गायवानमध्ये, म्हणजे बिनकानाच्या झाकणवाल्या चिनी वाटीत, 7 ग्रॅम घालायचा. पाणी उकळतं किंवा उकळून नुकतंच शांत झालेलं. पहिलं पाणी पाचेक सेकंदांत ओतून टाकायचं. मग झाकण उलटं करून नाकाशी धरायचं. ही पायरी गाळू नका, कारण या चहाचा वास कपापेक्षा झाकणाच्या आतल्या ओल्या बाजूला जास्त साठतो. आधी कोवळ्या पाल्याचा, लोण्यासारखा वास येतो. झाकण जरा निवलं की मागून ऑर्किडचं फूल येतं.

दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला, म्हणजे त्याच पानांवर पुन्हा पाणी ओतल्यावर, वीस ते तीस सेकंदांत, गोळ्या सुटतात आणि चहा खरा रंगात येतो. म्हणजे चवीच्या रंगात; कपातला रंग फिकट हिरवट पिवळाच राहतो. घोट मऊ, किंचित दाट. तुरटपणा जवळजवळ नाही. आणि मग, चहा गिळल्यावर अर्ध्या मिनिटानं, घशाच्या मागून गोडवा वर येतो आणि त्याच्याबरोबर ते फूलही. आनशीचे लोक याला ‘ग्वानयिन युन’ म्हणतात आणि चहाची किंमत त्यावर करतात. कप रिकामा झाल्यावर लगेच पुढचा भरू नका. तोंड मिटून नाकानं श्वास सोडा. तेव्हा ते फूल सगळ्यात स्पष्ट कळतं.

सगळं संपल्यावर चोथा थोडा उलगडून पाहा. पानं जाड, चामड्यासारखी, आणि हिरव्या प्रकारात कडा फाटलेल्या दिसतील. घाबरू नका. खरचटून लाल झालेली कड राहिली तर चहाचा रंग आणि चव गडद होते, म्हणून ती मुद्दाम झाडून टाकतात. पान पातळ, पिवळट आणि कडेनं अखंड असेल तर मात्र शंका घ्या. तिएग्वानयिनचं नाव फार मोठं आहे. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं आनशीच्या या चहाशेतीला जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली. अशा नावाखाली आनशीतल्याच बेनशान, माओशिए यांसारख्या स्वस्त जातींची पानंही सर्रास विकली जातात. ती वाईट नसतात, पण घशात काही उरत नाही.

हंगामाचं म्हणाल तर एप्रिल-मेमधला वसंतातला माल आणि ऑक्टोबरच्या आसपासचा शरदातला, हे दोन महत्त्वाचे. वसंतातल्या चहाला अंग, म्हणजे दाटपणा, जास्त, शरदातल्याला वास जास्त. फुलांसाठीच घेत असाल तर शरदातला मागा. काही नव्या धाटणीच्या मालात लिंबासारखा आंबटपणा मुद्दाम आणलेला असतो. तो अनेकांना आवडतो, मला नाही. पहिल्या खरेदीत तो टाळावा असं माझं मत आहे.

हुआंगजिनग्वेइ

हा त्याच आनशीचा, पण हुआंगदान नावाच्या वेगळ्या जातीचा. याची पालवी लवकर फुटते, उत्पन्न बरं येतं, म्हणून तो स्वस्त. पाणी पडताक्षणी खोलीभर घमघमाट. ऑस्मँथसच्या फुलासारखा, जर्दाळूच्या जवळ जाणारा वास. हे ऑस्मँथस आपल्या प्राजक्ताच्या आणि मोगऱ्याच्याच कुळातलं झाड आहे.

पण सगळी श्रीमंती पहिल्या दोन पाण्यांत खर्च होते. चौथ्या पाण्याला गोडसर पिवळं पाणी उरतं. घोट पातळ आणि घशात फारसं काही नाही. तरी रोज सकाळी एकदाच मोठा मग भरून प्यायचा असेल तर याच्याइतका सोयीचा फुलांचा ऊलाँग नाही. तिएग्वानयिन सात पाण्यांपर्यंत जातो हा त्याचा गुण, पण सात पाणी करायला वेळच नसेल तर त्या गुणाचे पैसे का द्यायचे?

दानत्सोंग

इथे प्रांत बदलतो आणि स्वभावही. चाओचोऊ शहराच्या उत्तरेला फेंगहुआंग डोंगर आहे आणि त्यातला वूदोंग हा माथा जुन्या झाडांसाठी प्रसिद्ध. इथे झाडं त्यांच्या वासावरून वेगळी काढली आणि त्यांची कलमं वाढवली. म्हणून दानत्सोंग मागताना नुसतं दानत्सोंग म्हणून भागत नाही, वासाचं नाव सांगावं लागतं. मीलान शियांग मध आणि ऑर्किडचा. बाजारात सगळ्यात जास्त हाच दिसतो, पण तो फुलापेक्षा पिकलेल्या फळाकडे झुकतो. हलकं फूल हवं असेल तर याशी शियांग किंवा हुआंगझी शियांग मागा. या दुसऱ्याचा वास म्हणजे गार्डेनिया, आपला अनंत. पावसाळ्यात ज्यांच्या अंगणात अनंत फुलतो त्यांना हा चहा कुणी समजावून सांगायला नको.

पानं लांब, पीळ दिलेल्या काड्यांसारखी. कोळशावर थोडीफार भाजलेली असतात, त्यामुळे चहा सोनेरी-केशरी उतरतो. वास आणि चव दोन्ही तिएग्वानयिनपेक्षा किती तरी जोरकस. पण हा चहा चूक माफ करत नाही. उकळत्या पाण्यात पहिली पाणी पाच ते दहा सेकंदांतच ओतावी लागतात. फोनवर बोलता बोलता मिनिट गेलं की घोट कडू आणि जीभ कोरडी. चाओचोऊच्या लोकांनी याच्यासाठी आपली पद्धत घडवली आहे: भांडं लहान, पानं ठासून, कप तीनच आणि ओतणं झटपट. त्या पद्धतीनं केलात तर दहा पाण्यांपर्यंत फूल बदलत राहतं. मगात टाकून विसरलात तर पैसे वाया.

मग घ्यायचा कुठला?

पद्धत अजून बसलेली नाही, गायवान नुकतंच आणलंय किंवा आणायचंय, अशा माणसासाठी तिएग्वानयिनच. वीसच्या जागी पन्नास सेकंद झाले तरी तो फार बिघडत नाही, आणि वास, चव, मागे उरणारी गोडी या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ओळखायला तो शिकवतो. ते एकदा कळलं की दानत्सोंग जास्त भोगता येतो. ऑफिसात गाळणीच्या मगात करायचा असेल तरी आनशीचेच दोन बघा: 250 मिलिलिटरला 3 ग्रॅम, तीन मिनिटं, पुन्हा पाणी भरून चार. साखर नको, दूध तर नकोच. दुधाखाली यातलं काहीच उरत नाही.

पाण्याकडे लक्ष द्या. बोअरच्या जड पाण्यात हिरवा तिएग्वानयिन मुका होतो. वास येतच नाही आणि कपावर तवंग धरतो. ज्यांच्याकडे तसंच पाणी आहे त्यांनी गोड्या पाण्याची सोय आधी करावी. दानत्सोंग अशा पाण्यातही थोडाफार बोलतो.

साठवणीत मात्र दानत्सोंग सरळ पुढे आहे. भाजलेला असल्यामुळे घट्ट डब्यात वर्षभर सहज टिकतो. हिरवा तिएग्वानयिन आणि हुआंगजिनग्वेइ नाजूक. ऊन, हवा, दमटपणा, मसाल्यांचा वास, सगळ्यानं उतरतात. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात उघडं पाकीट दोन-तीन आठवड्यांत फिकं पडतं. म्हणून चांगला माल 7-8 ग्रॅमच्या हवा काढलेल्या छोट्या पुड्यांत येतो. एक पुडी म्हणजे गायवानची एक बैठक. पुड्या फ्रिजमध्ये ठेवा, काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच कापा, नाहीतर थंड पानांवर बाष्प धरतं.

रिकाम्या पोटी हिरवा ऊलाँग काहींना मळमळल्यासारखा होतो. तसं होत असेल तर जेवणानंतर प्या, किंवा हलकं भाजलेलं तिएग्वानयिन घ्या. फूल थोडं मागे जातं पण पोटाला बरं.

पहिल्यांदा 50 ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका, आणि विकणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: कुठल्या वर्षीचा, कुठल्या हंगामातला. दीड वर्षापूर्वीचा हिरवा तिएग्वानयिन कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या. पैसे हातात उरले तर त्यात हुआंगझी शियांगचं छोटं पाकीट घ्या आणि सुट्टीच्या दिवशी दोन्ही शेजारी शेजारी, एकाच पाण्यात करून पाहा.