वृद्धाश्रम चांगला, पण सह्या घेण्याची पद्धत चुकीची

माझी ८१ वर्षांची मावशी दोन वर्षांपासून पुण्यातील एका वृद्धाश्रमात राहते. खोल्या स्वच्छ असतात, वरणभात गरम मिळतो आणि रात्रपाळीची परिचारिका हाकेला येते. आमटी तेवढी फार तिखट असते. हा अभिप्राय मात्र वेगळ्या कारणासाठी लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात एका महाविद्यालयाने तेथील रहिवाशांची झोप आणि स्मरणशक्ती यांचा अभ्यास हाती घेतला. विषय मोलाचा होता, परंतु संमतिपत्रांवर सह्या घेतल्या त्या व्यवस्थापिकाबाईंनी, जेवण उरकताच, टेबलाटेबलावर फिरून. मी विचारले तेव्हा मावशी म्हणाली, "अगं, बाईंनीच कागद पुढे केला. नाही कसं म्हणायचं? उद्या गरम पाण्यासाठी हाक त्यांनाच मारायची ना!"

जिच्या हाती आपले चहापाणी, तिने मागितलेली सही स्वेच्छेची कशी मानावी? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संस्थांमध्ये राहणाऱ्या व्यक्तींना विशेष संरक्षण द्यावे असे म्हटले आहे, ते याच परावलंबित्वामुळे. संस्थेची परवानगी म्हणजे रहिवाशाची संमती नव्हे. १९६३ मध्ये ब्रुकलिनच्या ज्यूइश क्रॉनिक डिसीज हॉस्पिटलमध्ये २२ आजारी रुग्णांना कर्करोगाच्या जिवंत पेशी टोचल्या गेल्या. रुग्णालयाच्या वैद्यकीय संचालकांची त्याला मान्यता होती, पण सुईत काय आहे हे रुग्णांना सांगितलेले नव्हते. आमच्याकडील प्रश्नावलीची त्या प्रकाराशी बरोबरी करण्याचा हेतू नाही, पण विचारायचे कोणाला, ही चूक दोन्हीकडे तीच आहे.

मी लेखी तक्रार केल्यावर संशोधक स्वतः आले, त्यांनी पत्रक मराठीतून वाचून दाखवले, प्रत मावशीजवळ ठेवली आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेतले. मावशीने प्रश्नांची उत्तरे दिली, रक्त द्यायला मात्र नकार दिला, आणि त्यावरून तिला कोणी काही बोलले नाही. शेजारच्या खोलीतील आजींना विस्मरणाचा आजार आहे. त्यांच्या मुलाने परदेशातून संमती पाठवली होती, तरीही सुई पाहून आजींनी हात मागे घेताच परिचारिकेने ट्रे उचलला. मला ते फार योग्य वाटले.

राहण्याजेवणासाठी पाचपैकी चार तारे. संशोधनाच्या बाबतीत, तक्रार करावी लागली म्हणून, दोनच. नातेवाइकांनी प्रवेश घेतानाच विचारावे की येथे अभ्यास होतात का, त्यांना नैतिकता समितीची मंजुरी असते का आणि सही कोण मागते.