३५ की ३७? जीप रँग्लरचे मोठे टायर, गिअर रेशो आणि अ‍ॅक्सल यांचा हिशेब

भाच्याने डेन्व्हरमध्ये २०१४ ची जीप रँग्लर सहारा घेतली आणि आठवड्याच्या आत फोन आला, "मामा, सदतीसचे टायर एकदम स्वस्तात मिळतायत. घेऊन टाकू?" टायर स्वस्तातच मिळतात रे बाबा. पैसे लागतात ते त्यांच्या मागे जे काही फिरतं त्याला.

जेके म्हणजे २००७ ते २०१८ ची रँग्लर. इथे कोलोरॅडोत आणि शेजारच्या युटात ती जितकी दिसते तितकी कुठली दुसरी ऑफरोड गाडी दिसत नाही, आणि ३५ इंची टायर की ३७ इंची हा प्रश्न प्रत्येक मालकाला एकदा तरी पडतोच. भाच्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. मी आधी ३५ आणि मग ३७ असा दोन्ही बाजूंनी प्रवास केलाय, आणि गिअर बसवायची मजुरी दोनदा भरलीय.

आधी अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या रेशोचं बोलू. ३.७३ म्हणजे चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलकडे जाणारा दांडा) ३.७३ वेळा फिरतो. त्या दांड्याच्या टोकाच्या छोट्या दातेरी चक्राला, म्हणजे पिनियनला ११ दाते, आणि ते ज्याला फिरवतं त्या मोठ्या चक्राला, म्हणजे क्राऊनला ४१. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, म्हणजे इंजिनाच्या वाट्याला जणू छोटा रेशो येतो. सहाराचे मूळ टायर साधारण ३२ इंची. त्या जागी ३७ लावले की ३.७३ चा परिणाम ३.२३ च्या आसपास उतरतो. गंमत म्हणजे कंपनी याच गाडीत ३.२१ चा रेशोही देत होती, आणि ती सर्वात मरगळलेली म्हणून ओळखली जाते. भाच्याचा स्वस्तातला सौदा त्याला नेमका तिथे नेऊन ठेवणार होता, शिवाय प्रत्येकी ७० पौंडांच्या वर वजनाची चाकं ओढत.

खालचा तक्ता ३.६ लिटर इंजिन आणि पाच गतींच्या ऑटोमॅटिकचा आहे. टॉप गिअरचा रेशो ०.८३, वेग ताशी ६५ मैल, आकडे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचे.

| रेशो | ३२ इंच | ३५ इंच | ३७ इंच |
|---|---|---|---|
| ३.७३ | २११० | १९३० | १८३० |
| ४.१० | २३२० | २१२० | २०१० |
| ४.५६ | २५८० | २३६० | २२३० |
| ४.८८ | २७६० | २५३० | २३९० |
| ५.१३ | २९१० | २६६० | २५१० |

रूबिकॉनमध्ये, म्हणजे रँग्लरच्याच जास्त तगड्या ऑफरोड प्रकारात, मुळात ३२ च्या टायरवर ४.१० यायचा. त्या जोडीला २३२० पडतात आणि गाडी हायवेवर मोकळी पळते, तेव्हा तोच आकडा मापाला धरा. ३५ वर ४.५६ आणि ३७ वर ४.८८ त्याच्या अगदी जवळ येतात. तक्त्यात टायरच्या भिंतीवरचा आकडा धरलाय. गाडीचं वजन पडलं की ३७ चा टायर प्रत्यक्षात ३६ च्या आसपास भरतो, त्यामुळे खऱ्या फेऱ्या थोड्या जास्त निघतात.

सपाट प्रदेशात राहणाऱ्याने इथे थांबायला हरकत नाही. पण आम्ही राहतो मैलभर उंचीवर आणि शनिवारी सकाळी आय-७० हायवेने आयझेनहॉवर बोगद्याकडे चढतो. बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते, म्हणजे २८५ अश्वशक्तीचं इंजिन तिथे १९० च्या घरात येतं. माझी गाडी ३५ आणि ४.५६ वर असताना त्या चढावर गिअरबॉक्स चौथा-तिसरा, चौथा-तिसरा करत बसायचा आणि ट्रान्समिशनचं तापमान बघून पोटात गोळा यायचा. कसारा घाटात ट्रकवाला पायथ्यालाच गिअर का टाकून घेतो ते मला इथे येऊन कळलं. त्यामुळे उंचावर राहणाऱ्यांनी एक पायरी वर जावं: ३५ ला ४.८८, ३७ ला ५.१३. पेट्रोल वाढेल का? हायवेवर थोडं वाढेल. घाटात फरक पडत नाही, कारण तिथे तसंही इंजिन बोंबलतच असतं.

४.८८ ऐकून कुणी डोळे मोठे करू नयेत. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस एमबी जीपमध्ये ४.८८ च होता, आणि महिंद्राने परवान्यावर आपल्याकडे बनवलेल्या सीजे-३बी जीपच्या मूळ विलीस गाडीत ५.३८. इंजिन लहान, काम मोठं, मग दुसरा उपाय काय?

आता ते दाते ज्या अ‍ॅक्सलमध्ये बसणार त्याच्याकडे वळू. खरा निर्णय इथे आहे.

डाना हे अ‍ॅक्सलच्या कंपनीचं नाव, आणि आकडा मोठा तितका अ‍ॅक्सल दणकट. सहाराला पुढे डाना ३०, मागे डाना ४४. रूबिकॉनला दोन्हीकडे ४४. डाना ३० चं क्राऊन सव्वासात इंचाच्या आसपास, आणि तेवढ्या जागेत रेशो वाढवायचा म्हणजे पिनियन बारीक करायचं. ४.५६ ला पिनियनवर नऊ दाते असतात, ४.८८ ला आठच. दात कमी, पिनियनचा घेर कमी, आणि त्यावर जड चाकाचा झटका. ३५ वर ४.८८ समजून उमजून चालवणाऱ्याला डाना ३० पुरतो. ३७ आणि ५.१३ त्यात घालणं मला अजिबात मान्य नाही. त्यात लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवणारा भाग) टाकला तर एका चाकावर सगळा जोर आला की २७ स्प्लाइनचा (टोकाला २७ खाचा असलेला) शाफ्ट आधी जातो.

मग रूबिकॉनचा पुढचा ४४ किती बरा? शाफ्ट ३० स्प्लाइनचा, क्राऊन मोठं, पण बाहेरची नळी, तिच्या टोकाचे सी-आकाराचे ब्रॅकेट आणि चाक ज्यावर वळतं ते बॉल जॉइंट जवळपास डाना ३० सारखेच. आतला माल मजबूत, डबा तोच! ३७ चे टायर लावून दगडांवर उड्या मारणाऱ्यांच्या नळ्या वाकतात आणि मग कितीही अलाइनमेंट करा, टायर आतल्या कडेने खात राहतात. गसेट (जोडाला आधार देणारे पत्रे) वेल्ड करून आणि नळीत स्लीव्ह (आतून दुसरी नळी) घालून हे बरंचसं टळतं. रूबिकॉन असेल, युटातल्या मोआबच्या खडकाळ ट्रेलवर वर्षातून एक-दोन फेऱ्या असतील, पाय हलका असेल, तर गसेट घातलेल्या ४४ वर ३७ चालतात. माझे चालतायत.

डाना ६० ही वेगळीच जमात. क्राऊन पावणेदहा इंच, शाफ्ट ३५ स्प्लाइनचे, मागचा अ‍ॅक्सल बहुधा फुल-फ्लोटिंग. जेकेच्या मागच्या ४४ मध्ये गाडीचं वजन शाफ्टच पेलतो, म्हणून शाफ्ट तुटला की चाकच बाहेर येऊ पाहतं. फुल-फ्लोटिंगमध्ये वजन हबवर असतं आणि शाफ्ट फक्त फिरवतो. मुंबई-पुणे रस्त्याकडेला बंद पडलेल्या ट्रकच्या हबचे बोल्ट काढून मेकॅनिक अख्खा शाफ्ट हाताने ओढून काढताना पाहिलाय ना? तेच. मोआबच्या ट्रेलवर शाफ्ट तुटला तर गाडी निदान ओढून परत नेता येते.

पण डाना ६० चा खर्च अ‍ॅक्सलवर संपत नाही. नवी जोडी दहा हजार डॉलरच्या वर जाते. जेकेचे पाच बोल्टचे रिम निकालात निघतात, कारण इथे आठ बोल्ट लागतात. क्राऊन-पिनियन ज्यात बसतात त्या डिफरन्शियलच्या गोळ्याला इथे भोपळा म्हणतात, आणि ६० चा भोपळा खाली जास्त लोंबतो. ३७ वर तो बसवला तर मोठ्या टायरने कमावलेल्या उंचीतला काही भाग त्यानेच खाल्ला. म्हणून ६० चं गणित ३७ ला जेमतेम आणि ४० इंची टायरला नीट बसतं. वेल्डिंग जमत असेल तर भंगारातून २००५ नंतरच्या फोर्ड सुपर ड्यूटी ट्रकचा पुढचा डाना ६० आणि मागचा स्टर्लिंग अ‍ॅक्सल आणणारे लोक आहेत. भोपळा जेकेसारखाच डाव्या बाजूला येतो, पण रुंदी वाढते आणि ब्रॅकेट सगळे नव्याने. हातात वेल्डर आणि मोकळा हिवाळा असेल तरच.

गिअर बदलायचा खर्च दोन्ही अ‍ॅक्सलचा धरा. फोर व्हील लावायचं तर पुढचा-मागचा रेशो एकच हवा. सामान आणि मजुरी मिळून साधारण दीड ते अडीच हजार डॉलर. मजुरीत घासाघीस करू नका. माझं पहिलं काम एका स्वस्त गॅरेजात झालं आणि ४५ मैलांवर पाय उचलला की मागून चक्क कोल्हेकुई सुरू. दुसऱ्याने उघडून क्राऊनच्या दातांना पिवळा रंग फासला, चाक हाताने फिरवलं आणि मला बोलावून दाखवलं: रंग दाताच्या मधोमध पुसला जायला हवा होता, तो सगळा मुळाशी पुसलेला. म्हणजे पिनियन जास्त आत. शिम (पातळ चकत्या) बदलून, बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) हजारांश इंचात मोजून त्याने सगळं परत बसवलं. त्यानंतर पहिले पाचशे मैल सांभाळून, मधेमधे थंड होऊ देत चालवायचे आणि मग तेल बदलायचं. स्पीडोमीटर नव्या टायरला आणि रेशोला प्रोग्रॅम करून घ्या, नाहीतर काट्यावर साठ दिसताना पोलिसाच्या रडारवर भलताच आकडा येतो.

राहिली उंची: ३५ ला अडीच इंचाची लिफ्ट (गाडी सस्पेन्शनवर तेवढी वर उचलणं) पुरते, ३७ ला साडेतीन-चार इंच आणि बहुधा फेंडरलाही कात्री. ब्रेकही ३७ ला दमतात.

तर माझा कल असा: डाना ३० वाली गाडी असेल तर ३५, पुढे गसेट, आणि सखलात ४.५६ नाहीतर डोंगरात ४.८८. रूबिकॉन असेल तर ३७ आणि ५.१३ करता येतात, नळी मजबूत करून. डाना ३० वर ३७ हा मधला मार्ग सर्वात महाग, कारण तो वर्षभराने पुन्हा उघडावा लागतो. पुढेमागे ३७ घ्यायचेच असं मनात असेल तर आज ३५ साठी ४.५६ घालून माझ्यासारखी दुसरी मजुरी भरू नका.

भाच्याने ३५ आणि ४.८८ ची ऑर्डर दिलीय. फक्त दारामागचा स्पेअर तो ३२ चाच ठेवणार म्हणतो, पैसे वाचवायला. तीन इंचाच्या फरकाचं चाक एका बाजूला लावलं की दोन चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारं डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही अखंड फिरत राहतं, आणि फोर व्हील तर लावायचंच नाही, म्हणजे नेमकं मोआबमध्ये पंक्चर झालं की पंचाईत. हे त्याला दोनदा सांगून झालंय. रविवारी जेवायला येतोय, तेव्हा तिसऱ्यांदा सांगणार आहे.