विश्रामबागेतलं अ‍ॅक्युपंक्चर केंद्र: सुया नीट, पण पुडीवर नाव नाही

‘अंगात रक्त कमी आहे’ म्हटलं की आपल्याला हिमोग्लोबिनचा आकडा आठवतो. सांगलीतल्या या लहानशा केंद्रात त्याच शब्दांचा वेगळा अर्थ आहे, आणि पहिल्याच भेटीत तो नीट समजावून देतात. चिनी वैद्यकातली ‘श्वे शू’, म्हणजे रक्ताची उणीव, लक्षणांवरून ठरते. फिकट जीभ, दोऱ्यासारखी बारीक नाडी, घेरी, ठिसूळ नखं, हातापायांना मुंग्या. धडधड आणि झोप उडणं असेल तर हृदयाचं रक्त कमी. डोळ्यांपुढे ठिपके, पाळीत कमी जाणं असेल तर यकृताचं. त्यामुळे हिमोग्लोबिन 13 असलेल्या बाईलाही हे निदान होऊ शकतं.

जीभ खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघतात. हे बरोबरच, कारण ट्यूबलाइटखाली फिकटपणा कळत नाही. जाण्याआधी अर्धा तास चहा-पान नको, रंग चढतो.

सुयांचं काम चोख. पाकीट तुमच्यासमोर फोडतात. मुख्य जागा तीन: एक गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं आणि नडगीच्या बाहेर एक बोट; दुसरी आतल्या घोट्यावर चार बोटं; तिसरी वाटीच्या वर आतल्या बाजूला दोन अंगठे, जिचं चिनी नावच ‘रक्ताचा सागर’. अंगठा रुग्णाचा धरायचा, वैद्याचा नव्हे. सुया वीस-पंचवीस मिनिटं ठेवतात. जड, बोथट ओढ जाणवणं योग्य. चरचरीत कळ आली तर लगेच सांगा, सुई बदलून घ्या. उपाशीपोटी सुया टोचल्या तर अशक्त माणसाला भोवळ येते, म्हणून इथे आधी जेवणाचं विचारतात आणि झोपवूनच टोचतात. पाळीची तारीखही विचारतात, कारण गरोदरपणी घोट्यावरची जागा वर्ज्य. पाठीवर सातव्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना सुई न घालता जळत्या औषधी पाल्याचा नुसता शेक देतात. खाली फुप्फुस आहे, तेव्हा ही सावधगिरी फार मोलाची. शेकाचा धूर मात्र खोलीत कोंडतो. दमा असेल तर शेक नको म्हणा.

खटकतं ते औषध. काढ्याची पुडी देतात, तिच्यावर घटकच लिहिलेले नसतात. या दुखण्यावरचा नेहमीचा काढा चार मुळांचा: शिजवलेलं दी-ह्वांग 12 ग्रॅम, दांग-ग्वै 9, बाय-शाव 9, छ्वान-श्योंग 6. दी-ह्वांग पचायला जड, पोट फुगतं, शौच पातळ होतं. दांग-ग्वैमुळे वॉरफेरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. हृदयाची झडप बदलून ती गोळी घेणाऱ्या माणसाच्या हातात बिननावाची पुडी देणं धोक्याचं आहे. नावं आणि वजनं लिहून मिळेपर्यंत ती घेऊ नका.

आहाराच्या कागदावर काळे तीळ आणि तासगावचे मनुके आहेत, छान. हळदीचं दूध कशाला, ते कळलं नाही. सांगलीची हळद आपली लाडकी, पण चिनी वैद्यकात ती रक्त वाढवणारी नाही, हलवणारी मानतात.

रक्त तपासायला इथे कुणी सांगत नाही, ही दुसरी उणीव. सुईतून लोह मिळत नाही. सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आधी करून घ्या. हिमोग्लोबिन बाईचं 12च्या, पुरुषाचं 13च्या खाली असेल तर मूळव्याध, पोटातला अल्सर, गर्भाशयातल्या गाठी यांतून रक्त जातंय का ते डॉक्टरांकडून बघा. लोहाची गोळी चालू असेल तर सुयांसाठी बंद करू नका. ती लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि चहा तासभर आधी-नंतर नको.

दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागतात. चारचेच द्या, झोप आणि घेरीत फरक दिसला तर पुढचे.