व्हर्नचा वाफेवरचा हत्ती

फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न म्हटलं की नॉटिलस पाणबुडी, ऐंशी दिवसांची पैज, पृथ्वीच्या पोटातली वाट. बहुतेकांची यादी इथेच संपते. १८८० सालच्या ‘द स्टीम हाउस’ या त्याच्या कादंबरीचं नाव कुणी काढत नाही. आपण तरी काढायला हवं. गोष्ट सुरू होते १८६७ साली औरंगाबादेत आणि ज्याला पकडण्यासाठी इनाम लागलंय तो आहे सत्तावन्नच्या उठावातला नानासाहेब पेशवा!

माझी सगळी नोकरी बॉयलरवर गेली, त्यामुळे मी अडकलो तो पोलादी हत्तीत. पोटात बॉयलर, सोंडेतून धूर, मागे चाकांवरची दोन घरं. इंजिनिअर बँक्सचं हे धूड कलकत्त्याहून निघून थेट हिमालयाच्या पायथ्याशी जातं. वाटेत पाणी, सरपण, चढावर लागणारा जोर, यांचा व्हर्नला विसर पडत नाही. भट्टीपाशी राबणारा कालूथ नावाचा फायरमनही त्यानं ठेवलाय. रानटी हत्तींच्या कळपाशी गाठ पडते तिथे माझं लक्ष हत्तींपेक्षा वाफेच्या प्रेशरवरच होतं.

सहप्रवासी कॅप्टन हूडची वाघांची शिकार मात्र कंटाळा आणते. गड्याला पन्नास वाघांचा आकडा गाठायचाय, आणि आपण बसायचं मोजत.

खरं बोचतं ते नानासाहेबांचं चित्रण. निव्वळ क्रूर, सूडानं पेटलेला खलनायक. याच व्हर्ननं १८७५ च्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये नॉटिलसचा कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र, सत्तावन्नच्या उठावात लढलेला, असं सांगून त्याला केवढा मान दिला होता! इथे इंग्रजांनी घेतलेल्या सूडाचीही हकिगत येते, नाही असं नाही. पण कथेची सहानुभूती प्रवासातल्या कर्नल मन्रो या इंग्रज अधिकाऱ्याकडेच राहते. मराठी वाचकानं चिडूनच वाचावं, पण वाचावं.

रचना म्हणून मला १८७९ चं ‘द बेगम्स फॉर्च्यून’ जास्त घट्ट वाटतं. भारतातल्या एका बेगमेची दौलत दोन वारसांत वाटली जाते; एक आरोग्यनगरी वसवतो, दुसरा तोफांचं शहर. तेही असंच मागे पडलंय.

जुन्या इंग्रजी अनुवादात ‘स्टीम हाउस’चे दोन खंड आहेत: ‘द डेमन ऑफ कॉनपोर’ आणि ‘टायगर्स अँड ट्रेटर्स’. नावं इतकी वेगळी की एकच घेऊन कथा अर्धवट राहिल्यासारखी वाटेल. दोन्ही मिळवा. पहिल्यातला प्रवास सरस, दुसऱ्यातले वाघ बिनदिक्कत गाळा.